गाडी उभी राहील एवढी सपाट जागा

कोथरूडहून कसबा पेठेत जायला बस पुरते, प्रवासवर्णन लागत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी लिहितो आहे. ज्या गाडीतून मी हे तीन दिवस हिंडलो, तिच्यात जायची वेळ बहुतेकांवर आडवं पडल्यावरच येते आणि मग खिडकीबाहेर बघायचं राहून जातं. मी पुढच्या सीटवर, शुद्धीत बसून गेलो.

गाडी स्ट्रोकची. बाहेरून मोठी अँब्युलन्स, पण तिच्या पोटात डोक्याचं सीटी स्कॅन करायचं यंत्र आहे. पक्षाघाताच्या झटक्यात मेंदूतली रक्तवाहिनी तुंबली आहे की फुटली आहे, हे स्कॅनशिवाय कळत नाही आणि दोन्हींवरचे उपचार एकमेकांच्या अगदी उलट. एरवी आधी माणूस हॉस्पिटलात न्यायचा, मग स्कॅन. तोवर मेंदू थांबत नाही. ही गाडी यंत्रच दाराशी आणते. हॉस्पिटलात बसलेल्या मेंदूच्या डॉक्टरांना स्कॅन पडद्यावर दिसतो आणि गुठळी असेल तर ती विरघळवायचं इंजेक्शन गाडीतच देतात. आतापर्यंत गाडी दिवसाच निघायची. आता ती चोवीस तास चालणार होती.

दाराशी आणते, असं मी म्हटलं. आमच्या दाराशी ती आली नाही आणि त्याला कारण मी आहे.

आमची सोसायटी चार इमारतींची आणि मी तिचा सेक्रेटरी. दोन वर्षांपूर्वी घरसामान हलवणाऱ्या एका ट्रकने आवारातले फरशीचे ब्लॉक उखडले, तेव्हा मी गेटवर लोखंडी कमान बसवून घेतली. हेतू एवढाच, की उंच गाडी आत येऊ नये. सभेत माझं कौतुक झालं, ते मी मनापासून स्वीकारलं. मग यंदा एका सकाळी आमच्याच इमारतीतल्या कुलकर्णी काकांचं तोंड वाकडं झालं, उजवा हात लोंबायला लागला. काकूंनी अजिबात वेळ न घालवता फोन केला. गाडीही लगेच आली आणि कमानीसमोर थांबली. गाडीतल्या डॉक्टर म्हणाल्या, पेशंटला बाहेर आणू. मी म्हणालो, थांबा, मागचं गेट उघडतो. मागच्या गेटची किल्ली खजिनदारांकडे आणि खजिनदार टेकडीवर फिरायला गेलेले. त्यांना शोधण्यात वेळ गेला. शेवटी काकांना बाहेर आणलंच. पण गेटसमोरचा रस्ता उताराचा आणि गाडी सपाट उभी असल्याशिवाय स्कॅन होत नाही, म्हणून मग चौकापर्यंत जाणं आलं.

काका वाचले. उजवा हात अजून पुरता उचलत नाही. ज्या माणसाने आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, त्याला आता एका वाक्यासाठी बराच वेळ थांबावं लागतं. गाडी आत आली असती तर बोलणं वाचलं असतं का, हे ठामपणे सांगता येत नाही, असं हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी मला सांगितलं. मला बरं वाटावं म्हणूनच सांगितलं असणार. असा झटका पुन्हा येऊ शकतो, हेही त्यांनीच सांगितलं.

काकू माझ्याशी भांडल्या नाहीत. बोलायच्या थांबल्या. लिफ्टमध्ये भेटल्या की मजल्यांच्या आकड्यांकडे बघत उभ्या राहतात.

चोवीस तास सेवा सुरू करण्याआधी गाडीवाल्यांना शहरात जागोजागी उभं राहायच्या जागा ठरवून ठेवायच्या होत्या: रस्त्यालगत, सपाट, रात्री-अपरात्रीही मोकळ्या मिळतील अशा. सोबत वस्तीतला कोणी माहीतगार माणूस असेल तर हवा होता. मी ऑफिसातून रजा काढली आणि नाव दिलं. डॉ. साठे, म्हणजे त्या सकाळच्याच डॉक्टर, यांनी मला ओळखलं. एवढंच म्हणाल्या, "कॉल आला की तुम्ही जिथे असू तिथे उतरायचं. पेशंट असताना बाहेरचं माणूस नको."

मी म्हटलं, "चालेल."

कसबा पेठ

गाडी चालवणारे दत्ताभाऊ मुळशीकडचे. गाडीवर त्यांचं प्रेम आहे आणि शहरावर राग. "ही गाडी घाटात चालवीन मी," ते म्हणाले, "पण ह्या पेठंत न्हाई. हितं रस्ता न्हाई, दोन घरांच्या मधली फट हाय."

स्कॅनचं यंत्र चालवणारी प्रणाली मागच्या खिडकीतून म्हणाली, "भाऊ, नेगेटिव्ह नका ना बोलू. सर फर्स्ट टाइम आलेत."

फर्स्ट टाइम नव्हे. माझं आजोळ तिथून हाकेच्या अंतरावर होतं. पण उंच गाडीच्या काचेतून ती पेठ मी कधी पाहिली नव्हती. तांब्याच्या भांड्यांची ठोकाठोक खालून येत होती आणि पहिल्या मजल्यावरचे लोक आमच्या डोळ्यांच्या रेषेत बसून दात घासत होते. एका गृहस्थांनी तोंडातला ब्रश न काढता हातानेच दाखवलं, मागे जा.

मागे जाताना मी खाली उतरलो आणि जाणत्यासारखा "येऊ द्या, येऊ द्या" करू लागलो. गाडीच्या मागच्या कोपऱ्याने एका ओट्यावरची कुंडी आडवी केली. ओट्यावर एक आजोबा पेपर वाचत बसले होते. त्यांनी पेपर खाली केला, कुंडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"तुळस होती," ते म्हणाले. "आता जागा झाली. या अजून मागे."

मी माफी मागितली. ते म्हणाले, "तुम्ही कुठले?"

"कोथरूड."

"तरीच. तिकडे ओटे नसतात."

त्यांचं नाव आपटे. माफी स्वीकारायची त्यांची पद्धत म्हणजे आम्हाला कोपऱ्यावरच्या दुकानातला चहा पाजणं आणि तो पिईपर्यंत कोथरूडबद्दल वाईट बोलणं. आम्ही का आलो आहोत हे ऐकल्यावर मात्र ते सरळ बसले.

"गाडी इथे येणार नाही," ते म्हणाले. "कधीच येत नाही. आमच्याकडे माणूस गाडीकडे जातो."

त्यांनी आम्हाला गणपती मंडळाच्या खोलीत नेलं. ढोल, पताका, गुंडाळलेला मांडव यांच्यामध्ये भिंतीला एक हातांची लाकडी खुर्ची टांगली होती. दोन्ही बाजूंना जाड बांबूचे दांडे आवळून बांधलेले, बसणाऱ्याला धरून ठेवायला पट्टा. आळीतल्या बुरुडाने बांधून दिलेली. आळीत कोणी आजारी पडलं की हाक द्यायची, चार जण येतात आणि खुर्ची मोठ्या रस्त्यावर पोचते. कोण येणार हे ठरलेलं नसतं. जो घरी असेल तो.

"मतदानालाही हीच," आपटे म्हणाले. "आमच्या मातोश्री शेवटपर्यंत ह्याच खुर्चीतून गेल्या. राजेशाही थाटात. उमेदवार कोणीही असो."

डॉ. साठे यांनी खुर्चीचे दांडे दाबून पाहिले, पट्टा ओढून पाहिला आणि माणसाला बसवताना डोकं कसं धरायचं ते आपट्यांना दाखवलं. जागा ठरली: आळीच्या तोंडाशी, पोळीभाजीच्या दुकानासमोर. दुकानाच्या मालकीणबाईंनी गाडी येईल तेव्हा फळी आत घ्यायचं कबूल केलं आणि आमच्या हातात गरम बटाट्याची भाजी आणि पोळ्यांचा पुडा दिला.

पोळी खाताना माझ्या मनात एकच गोष्ट येत राहिली. आमच्या सोसायटीत लिफ्ट, जनरेटर, कॅमेरे, सगळं आहे. अशी खुर्ची नाही. असती तरी तिला खांदा द्यायला कोणाला हाक मारायची, ते मला सांगता आलं नसतं.

ती रात्र मी गाडीच्या तळावर काढली, कारण रात्रपाळीची चाचणी चालू होती आणि चोवीस तास म्हणजे काय ते बघायचं होतं. त्या रात्रीबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, मी झोपलो. सकाळी प्रणाली ताज्यातवान्या चेहऱ्याने उपमा खात होती. मी खजील होऊन विचारलं, रात्री काही झालं का.

"नाही झालं सर. पण होतं ना रात्री, फक्त कळतं सकाळी," ती म्हणाली. "आणि कळलं तरी लोक म्हणतात, झोपू दे त्यांना, सकाळी बघू. म्हणून तर आपण नाइट सुरू करतोय. आम्ही घरच्यांना पहिला क्वेश्चन काय विचारतो माहितेय? शेवटचं नीट कधी पाहिलं. इंजेक्शन देता येईल का, ते त्याच्यावर असतं. आणि लोक आन्सर काय देतात? मालिका सुरू व्हायच्या आधी. कोणती मालिका, ते आता मला पाठ झालंय."

येरवडा

येरवड्यात तुरुंगाची लांबच लांब भिंत संपली आणि आम्ही मागच्या वस्तीत वळलो, तोच कॉल आला. दत्ताभाऊंनी गाडी थांबवली. मी उतरलो. सायरन लांब गेला आणि मी हातात पाण्याची बाटली घेऊन एका अनोळखी गल्लीत उभा राहिलो. पाकीट गाडीत राहिलं होतं.

समोरच्या घराच्या व्हरांड्यातून एका गृहस्थांनी विचारलं, "आपल्याला सोडून गेले का?"

"हो. पण तसं ठरलंच होतं."

"मग बसा सावलीत."

ते गायकवाड. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली पुस्तकांचं कपाट, आणि कपाटापुढे गायकवाड इतके ताठ बसलेले की मीही नकळत पाठ सरळ केली. त्यांच्या पत्नीने जेवायची वेळ आहे एवढंच सांगून ताट वाढलं: बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, कांदा, आणि असा ठेचा की पाण्याची बाटली सार्थकी लागली.

जेवताना मी आमचं काम सांगितलं. ते मला घेऊन विहाराकडे गेले. समोर एक मोकळं, सिमेंट केलेलं, पाण्याच्या पातळीसारखं सपाट अंगण होतं. आजूबाजूला रिक्षा, दुचाकी, टेम्पो दाटीने उभे. अंगणात एकही नाही.

"इथे गाड्या लावू नयेत, असा बोर्ड नाही कुठे," मी म्हटलं. आमच्या सोसायटीत असे बोर्ड पाऊलभर अंतरावर आहेत आणि प्रत्येकाखाली एक गाडी आहे.

"बोर्ड कशाला? सांगितलं सगळ्यांना," गायकवाड म्हणाले. "लग्न, मयत, सभा, सगळं इथेच होतं. प्रत्येकाला कधी ना कधी लागतं. तुमची गाडी येऊ द्या. मी सांगून ठेवतो."

परत व्हरांड्यात आल्यावर त्यांनी विचारलं, मी या कामात कसा पडलो. मी कमानीचं, काकांचं, काकूंचं सांगितलं. न विचारलेलंही सांगितलं.

"कमान अजून आहे?" शेवटी त्यांनी विचारलं.

"आहे."

"कापायला किती वेळ लागतो?"

"वेल्डर आला तर एक सकाळ."

"मग आपण येरवड्यात काय करताय?"

मी म्हटलं, सर्वसाधारण सभेपुढे विषय मांडायचा आहे, ठराव लागेल, शिवाय इतर पर्याय तपासून पाहावेत म्हणून. बोलता बोलता माझं मलाच ऐकू आलं. खरं असं होतं की कुठेतरी, आमच्या गेटबाहेर, एखादी सपाट जागा सापडेल आणि कमान राहूनही काम भागेल, अशा आशेने मी हिंडत होतो. चूक झाली, हे चार इमारतींसमोर म्हणायचं टाळण्यासाठी मी अख्खं पुणं पालथं घालायला निघालो होतो. हे मी गायकवाडांना सांगितलं नाही. त्यांना सांगावं लागलं नाही, असं म्हणणं जास्त बरोबर.

बसच्या तिकिटाचे पैसे त्यांनीच दिले. वर म्हणाले, "परत द्यायला या. गाडीतून या, उतरवलं तर जेवायला आहेच."

कोथरूड, परक्या गेटवर

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही कोथरूडमध्येच एका क्लासच्या इमारतीसमोर जागा बघत होतो. कॉल आला तो समोरच्या सोसायटीतूनच. मी उतरलोच होतो. मान वर केली. गेटवर आमच्यासारखीच कमान होती, पिवळे-काळे पट्टेसुद्धा तसेच. तिथले सेक्रेटरी मागे आमची कमान बघायला आले होते. मी त्यांना चहा दिला होता, आणि वेल्डरचा नंबरही.

डॉ. साठे आणि प्रणाली स्ट्रेचर काढत होत्या. वॉचमन हात आडवा करून उभा. "सेक्रेटरी साहेबांची परवानगी लागेल. फोन केलाय, उचलत नाहीत. ही त्यांची झोपायची वेळ."

"मी सेक्रेटरीच आहे," मी म्हटलं. "यांना आत सोडा."

माझ्या आवाजात ते आलं असावं, जे इतकी वर्षं मीटिंगांतून कमावलं होतं. वॉचमन बाजूला झाला.

"गाडी आत न्यायच्या भानगडीत पडू नका," मी दत्ताभाऊंना म्हटलं. "माणूस बाहेर आणू. सपाट जागा कुठे आहे?"

"क्लाससमोर हाय. पण तिथं पोरांच्या दुचाक्या हायत."

मी क्लासमध्ये शिरलो. भौतिकशास्त्राचे सर फळ्यावर काहीतरी काढत होते. मी एका दमात सांगितलं. सरांनी खडू खाली ठेवला. "सगळे खाली. किल्ल्या शोधत बसू नका, उचला."

अख्खा वर्ग खाली उतरला आणि स्कूटर उचलून फुटपाथवर ठेवू लागला. मी सोसायटीत पळालो. तिसऱ्या मजल्यावर साठीच्या एक बाई सोफ्यावर एका अंगावर कलल्या होत्या. डावा हात मांडीवर ठेवल्यासारखा पडलेला. शेजारी त्यांचे यजमान.

प्रणालीने विचारलं, "काका, शेवटचं नीट कधी पाहिलं त्यांना?"

"जेवणं झाल्यावर भांडल्या माझ्याशी. तेव्हा अगदी स्पष्ट बोलत होत्या."

"म्हणजे किती वाजता?"

"पाऊण वाजता."

"शुअर?"

"भांडण घड्याळावरूनच होतं. मी ते पाच मिनिटं पुढे लावतो."

लिफ्ट बंद पडलेली आणि जिन्याची वळणं स्ट्रेचरला अरुंद. डॉ. साठे यांनी माझ्याकडे पाहिलं. दोघांनाही एकाच वेळी मंडळाची ती खोली आठवली असणार. मी जेवणाच्या टेबलाजवळची हातांची खुर्ची ओढली आणि जिन्यात उभं राहून हाक मारली. काय म्हणून मारायची ते सुचेना, तेव्हा नुसतंच "जो घरी असेल त्याने या" असं ओरडलो. दारं उघडायला जरा वेळ लागला, पण उघडली. लुंगीतले एक गृहस्थ आले, कानात फोनची तार घातलेला एक आयटीवाला आला, वॉचमन आला. चौथा मी. आमच्यापैकी कोणाला कोणाचं नाव माहीत नव्हतं. डॉ. साठे पुढे राहून बाईंचं डोकं सांभाळत होत्या आणि पायरी-पायरी सांगत होत्या.

कमानीखालून खुर्ची गेली. कमान माझ्या डोक्याच्या बरीच वर होती. माणसांना ती कधीच आडवी येत नव्हती.

गाडीचं दार लागलं. रस्त्यावर विद्यार्थी, सर, यजमान, मी, सगळे बंद दाराकडे बघत उभे. थोड्या वेळाने प्रणालीने दार किलकिलं केलं आणि यजमानांना म्हणाली, "ब्लीडिंग नाहीये. गुठळी आहे. इंजेक्शन देतोय." मग गाडी हॉस्पिटलकडे निघाली आणि मी, खुर्ची आणि लुंगीतले गृहस्थ मागे राहिलो.

"तुम्ही कोणत्या विंगचे?" त्यांनी विचारलं.

"मी इथला नाही," मी म्हटलं. आणि खुर्ची वर नेऊन ठेवली.

संध्याकाळी प्रणालीचा फोन आला. बाईंनी डावा हात उचलला होता. आणि यजमानांना पहिला प्रश्न विचारला होता, गॅस बंद केलात का.

"मॅम विचारतायत," प्रणाली पुढे म्हणाली, "की तुम्ही कुठले सेक्रेटरी ते वॉचमनला सांगितलंत का?"

"त्याने विचारलं नाही."

कोथरूड, आपल्या गेटवर

त्याच रात्री सोसायटीच्या ग्रुपवर मी लिहिलं: रविवारी सकाळी गेटची कमान कापली जाईल. ती बसवण्यात माझी चूक झाली. हरकत असेल त्यांनी खाली यावं. परक्या सोसायटीच्या सेक्रेटरींनाही फोन केला. ते माझ्यावर बराच वेळ रागावले, आणि शेवटी म्हणाले, वेल्डर तुमच्याकडून सुटला की इकडे पाठवा.

रविवारी हरकत घ्यायला एकटे खजिनदार उतरले.

"ट्रक आत आले तर ब्लॉकचं काय?"

"ब्लॉक पुन्हा बसवता येतात," मी म्हटलं.

ते थोडा वेळ ठिणग्या बघत उभे राहिले. मग खिशातून मागच्या गेटची किल्ली काढून वॉचमनच्या केबिनमधल्या खिळ्याला अडकवली आणि फिरायला गेले.

कमान उतरली तेव्हा मी दत्ताभाऊंना फोन केला. गाडी तपासणीला निघालीच होती, ते वाट वाकडी करून आले. सायरन न लावता, हळूहळू गाडी गेटातून आत आली. गॅलऱ्यांमधून लोक बघत होते. आवारभर फिरून दत्ताभाऊ एका जागी थांबले, उतरले, वाकून चाकांकडे पाहिलं.

"साहेब, सपाट म्हणावी अशी जागा ही एकच हाय. बाकी सगळा उतार. ही मोटार कुणाची?"

"माझी," मी म्हटलं.

सेक्रेटरी झालो त्या वर्षी मी ती जागा स्वतःसाठी पाहून घेतली होती. सावली असलेली, लिफ्टजवळची. मी मोटार काढून बाहेर रस्त्यावर नेली आणि परत आलो. तोवर गाडी जागेवर बसली होती, चारी कोपऱ्यांचे टेकूचे लोखंडी पाय जमिनीला टेकवून.

कुलकर्णी काका काकूंचा हात धरून खाली आले होते. गाडीभोवती अर्धी फेरी मारून ते थांबले. डाव्या हाताने गाडीच्या पत्र्यावर थाप मारली. बोलायला वेळ लागला. आम्ही सगळे थांबलो.

"मावली," काका म्हणाले.

काकू गाडीकडे बघत होत्या, मग गेटवरच्या दोन कापलेल्या खुंटांकडे, मग जिथे माझी मोटार असायची त्या जागेकडे.

"तुमची मोटार आता कुठे लावणार?" त्यांनी विचारलं.

"बाहेर. बुचाच्या झाडाखाली."

"त्या झाडावर कावळे बसतात," काकू म्हणाल्या. "कव्हर घाला."

"घालतो," मी म्हटलं.